विमल मॅडम आणि ओरडणारी जीप

पत्रकात मागणी पहिल्या ओळीत असते. इथंही तसंच करतो. विमल मॅडमबद्दल बोलताना "बाई असून गाड्या दुरुस्त करायच्या" हे वाक्य कृपा करून बंद करा. अकोल्यात, म्हणजे भंडारदऱ्याजवळच्या अकोल्यात, मी ते इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की डोकं उठतं. एक तर ते खोटं आहे. मॅडम गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत, गाड्या दुरुस्त करायला शिकवायच्या, एका खासगी आयटीआयमध्ये, मोटार मेकॅनिकच्या वर्गाला. आणि हा "बाई असून"चा विषय कुणी त्यांच्यासमोर काढलाच तर त्या म्हणायच्या, "इंजनाला कळतं का, कोन हात लावतंय ते? मग तुमालाच कशाला कळायला पायजे?"

मूळच्या सोनईच्या. मी काष्टीचा. मोर्चे-पत्रकं काढणाऱ्या आमच्या संघटनेच्या कामासाठी अकोल्यात खोली घेतली तेव्हा शेजारच्या खोलीत त्या राहायच्या. जिल्हा एकच, पण सोनईवाल्यांना काष्टी म्हणजे बैलबाजार आणि काष्टीवाल्यांना सोनई म्हणजे ऊस, एवढीच एकमेकांची ओळख. पहिल्या दिवशी नळावर त्या हात धूत होत्या. साडीवर निळा फुल बाह्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, आणि तळहातावर चक्क मूठभर साखर. ऑइलचा काळा डाग साखरेनं निघतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी बघत राहिलो तर म्हणाल्या, "बघतो काय? आपल्याच जिल्ह्याची हाय. डॉक्टरनं खायाची बंद केली, लावायची न्हाई केली."

मी त्यांना आमचं पत्रक दिलं. वरच्या वाड्यांना जाणारी सकाळची बस बंद केली होती, त्याविरुद्धचं. मॅडमनी ओले हात शर्टाला पुसले, चष्मा नाकावर घेतला आणि नळ तसाच चालू ठेवून सगळं वाचलं.

"'अन्याय' तीनदा लिवलाय," त्या म्हणाल्या. "'निषेध' दोनदा. बस किती वाजता सुटायची ते कुठाय?"

"लोकांना माहीत आहे ते."

"लोकांनाच मागताय का बस? ज्याला मागायची त्याला सांगा की वेळ."

मी आजही सांगतो, अन्याय तीनदा झाला तर तीनदा लिहावा. पण त्या दिवसापासून मॅडमनी माझं नाव टाकून दिलं. मला त्या "पत्रक" म्हणायच्या. "काय रे पत्रक, जेवला का?" "पत्रक, सिलिंडर आला का बघ." चाळीतली बाकी मंडळीही मग तेच म्हणायला लागली.

त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर नियमांची पाटी नव्हती, पण एक नियम होता. गाडी घेऊन आलेल्या माणसानं काय बिघडलंय ते सांगायचं नाही. आवाज काढून दाखवायचा. तोंडानं. गावातली माणसं गाडी आयटीआयच्या फाटकाशी लावून डोकावायची, कारण मॅडमना विचारायला पैसे पडत नसत.

"क्लच गेलाय म्याडम."

"गेलाय? कुठं गेलाय? गाडीतच असंल. आवाज काढून दाखवा."

मिशीवाली, फेटेवाली, पुढारी म्हणून मिरवणारी माणसं त्या पोरांसमोर ओठांचा चंबू करून घुर्रर्र करायची. मॅडम मान हलवायच्या. "न्हाई, असा न्हाई. तुमी ट्रॅक्टरचा काढताय. कारचा काढा." त्यांचं म्हणणं असं की माणूस बोलायला लागला की आपला निकाल सांगतो, आवाज काढायला लागला की गाडीचं सांगतो.

एकदा खुद्द प्राचार्यांची कार. प्राचार्य म्हणजे टाय लावणारा माणूस. "क्लच प्लेट गेली असावी, मॅडम." वर्ग भरलेला होता. मॅडमनी त्यांनाही सोडलं नाही.

"सर, आवाज."

प्राचार्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच काढला, "ची... ची..."

"उंदीर का चिमणी?"

"अं?"

"उंदराची आखूड अस्ती, सर. चिमणीची वर जाती."

"चिमणी," प्राचार्य म्हणाले, आणि मग जरा मोकळ्या आवाजात चिमणी काढून दाखवली. पोरांनी टोप्या तोंडावर धरल्या होत्या. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि बंद गाडीत प्राचार्यांना क्लच दाबायला सांगितलं. दाबला. ची! पुन्हा दाबला. ची!

"इंजन बंद हाय. गिअरबॉक्स झोपलाय. मंग बोंबलतंय कोन?"

पेडलची पिन सुकली होती. तेलाचा थेंब पडला आणि चिमणी उडाली. प्राचार्य इतके खूश झाले की जाताना त्यांनी पोरांना चहा सांगितला. त्या चहाच्या वेळी मॅडमनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. इंजिन बंद असताना आवाज येतो: पेडल तपासा. पाय काढला की येतो, दाबला की जातो: गिअरबॉक्स. दाबला की येतो, काढला की जातो: क्लचचं बेअरिंग. "वकील लागत न्हाई याला," त्या म्हणाल्या. "नुसतं कवा येतो आन कवा जातो एवढंच इचारा."

आता कुणाला वाटेल की मी त्यांची आरती करतोय. नाही. मॅडम चुकायच्या, आणि जोरात चुकायच्या. एका दुधाच्या टेम्पोचा खडखडाट ऐकून त्यांनी चाकाचं बेअरिंग गेलं म्हणून ठणकावून सांगितलं. चाक उतरवलं, बेअरिंग नव्यासारखं. दुसरं उतरवलं, तेही तसंच. शेवटी टेम्पोवाल्यानंच मागून एक रिकामा कॅन उचलला, त्याचं झाकण सैल होतं. खडखडाट तोच. मॅडम फळ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "लिवून घ्या. आज म्याडम चुकल्या. तारीख घाला." पोरं वह्या उघडेनात, तर ओरडल्या, "बरोबर असते तवा लिवता ना? मंग हे पन लिवा!" तेव्हापासून त्या कुठलीही गाडी तपासण्याआधी रिकामी करायला लावायच्या, पार हातरुमालापर्यंत.

आता जीप.

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण जीपच्या पुढच्या सीटवर किती माणसं बसायची हे खाली येणार आहे आणि सोमाला त्याचा त्रास नको. सोमा म्हणजे जीपचा मालक आणि ड्रायव्हर, चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा. सकाळची बस बंद करताना आम्हाला सांगण्यात आलं होतं की त्या मार्गाला भारमान नाही, म्हणजे बसायला माणसं नाहीत. माणसं नाहीत! तीच माणसं सोमाच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून, मागच्या फळीला लोंबकळून रोज खाली येत होती. त्यात कॉलेजच्या सात पोरी होत्या. त्यातली एक सोमाचीच, मंगल. सातही जणी बारावीला, आणि बारावीचा पहिला पेपर मंगळवारी.

त्याच्या आधीच्या आठवड्यात जीप ओरडायला लागली. ओरडायला म्हणजे अशी की गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. खालच्या एका मिस्तरीनं सोमाच्या शेजारी बसून फेरी मारली, कान लावला आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेला. एवढ्या जुन्या गाडीला दुसरा घालण्यात अर्थ नाही, भंगारात घाला. सोमानं भंगारवाल्याला सोमवारी बोलावलं. घाटात कुठं अडकली तर पोरींचा जीव जायचा, या भीतीनं त्यानं जीप अंगणातच उभी केली. शनिवारी मंगलनं मला मोबाईलवर जीपचा आवाज धाडला आणि खाली एवढंच लिहिलं: दादा, पेपरला कसं यायचं?

मी तो आवाज मॅडमना ऐकवला. त्यांनी मोबाईल परत दिला. "मोबाईल सगळ्या आवाजाची मांजर करतो. कुठाय गाडी?"

रविवारी सकाळी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन त्या वाडीवर आल्या. आल्या आल्या पाणीही न पिता म्हणाल्या, "रिकामी करा." जीपमधून तांदळाचं पोतं निघालं, दोरखंड निघाला, स्टेपनी, कोयता आणि कोंबड्यांचं एक डालगं निघालं, त्यात कोंबड्या होत्या. मग सगळी वाडी अंगणात गोळा झालेली असताना मॅडमनी हुकूम सोडला, "आवाज काढून दाखवा."

सोमा लाजला. "घर्रर्र... असा."

"कीईई, आन मंग घर्र," मंगल म्हणाली.

सोमाची आई ओसरीवरून म्हणाली, "रडतीया ती. दुसरं काय न्हाई."

"आजी, कवा रडती?"

"कायमच."

"चढाला का उताराला? उभी असताना?"

"कायम, म्याडम," सोमा म्हणाला. "बसलो की सुरू, उतरलो की बंद."

मॅडमनी गाडी बंद ठेवून क्लच दाबायला सांगितला. काही नाही. म्हणजे पेडल नाही. मग इंजिन चालू केलं, गिअर न टाकता. कीईई! घर्रर्र! कोंबड्या डालग्यासकट हलल्या.

"पाय काढा क्लचवरचा!" मॅडम ओरडल्या.

"काढलाय!"

आवाज तसाच. मी फळ्यावरच्या तीन ओळी वाचलेल्या होत्या. पाय काढला तरी येतो म्हणजे काय ते मला कळत होतं. मंगलला फळा माहीत नव्हता, पण तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं. ती वळली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एका पोरीची बारावी एका गिअरबॉक्सवर अडून राहावी, हे कुठल्या शहाण्या देशात होतं? मी मनातल्या मनात पत्रक लिहायला घेतलं होतं, आणि त्यात अन्याय तीनपेक्षा जास्त वेळा येणार होता.

जीपला वळसा घालून मॅडम ड्रायव्हरच्या बाजूला गेल्या, उकिडव्या बसल्या आणि चष्मा सावरून आत खाली बघितलं. बघतच राहिल्या.

"सोमा."

"हां, म्याडम."

"हा पाय कुनाचा?"

सोमानं खाली बघितलं. त्याचा डावा पाय, चपलेसकट, क्लचच्या पेडलवर निवांत बसलेला होता.

"माजाच की," तो म्हणाला.

"मंग काढलाय म्हनं?"

"दाबत न्हाई म्याडम. तिथं नुस्ता हाय."

"नुस्ता?"

"तिथंच अस्तो त्यो."

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. सोमा खरोखर गोंधळला होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी पाय काढलेलाच होता. "पुढं डाव्या अंगाला तिघं बसत्यात," तो समजावून सांगायला लागला. "एकाची मांडी गिअरच्या दांड्याला. पाय ठिवायचा तर कुठं ठिवायचा? वरच ऱ्हातो मंग. सवय झाली."

"बेअरिंगला काय म्हाईत," मॅडम म्हणाल्या, "तुमी दाबताय का नुस्तं टेकलाय? त्याच्यावर वजन हाय, ते फिरतंय. दिवसभर फिरतंय. आता उचला. हातानं उचला, तुमचं त्या पायावर राज्य न्हाई."

सोमानं दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि स्वतःचा पाय पेडलवरून उचलला.

जीप गप्प झाली.

म्हणजे इंजिन चालू होतं, आपलं नेहमीचं धडधडत होतं, पण ते रडणं तुटलं. इतकं एकदम की ओसरीवरची आजी उठून उभी राहिली. "बंद पडली का रं?"

"न्हाई आजी," मॅडम म्हणाल्या. "बरी हाय." मग सोमाला हाताला धरून खाली उतरवलं. "तुमच्या पायावर माजा भरवसा न्हाई. मंगल! ये, तू बस."

मंगल भिंतीपासून धावत आली. तिनं कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मॅडमनी तिला दाखवलं. दाब. कीईई! सोड. गप्प. हलकेच नुसता टेकव. घर्रर्र! काढ. गप्प. मंगलनं पुन्हा केलं. पुन्हा केलं. मग ती हसायला लागली आणि हसत हसत करतच राहिली, दाब, सोड, दाब, सोड, आणि बाकीच्या सहा पोरी जीपभोवती प्रत्येक वेळेला आवाज बंद झाला की ओरडायला लागल्या. मॅडमना मधे शिरून किल्ली फिरवावी लागली.

"गिअरबॉक्सला काय धाड भरली न्हाई," त्या सोमाला म्हणाल्या. "क्लचचं बेअरिंग गेलंय. बदलू. भंगारवाल्याला फोन लावा आन सांगा, घरीच झोप म्हनावं."

सोमा आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात मॅडमसाठी चहा होता, बिनसाखरेचा. साखरेचं मी मंगलला सांगून ठेवलं होतं.

मला इथं एक सांगायचंच आहे. त्या मिस्तरीला मी दोष देत नाही. शेजारी बसून फेरी मारली की सोमाचा पाय पेडलवर, म्हणून आवाज कायम, म्हणून गिअरबॉक्स. त्याचा हिशेब बरोबर होता, पाय तेवढा त्यानं बघितला नाही. सोमालाही देत नाही. तो पाय तिथं सोमानं ठेवलेला नव्हता, बस बंद करणाऱ्यांनी ठेवला होता! हे मी तिथंच अंगणात मोठ्यानं म्हणालो. मॅडम जीपखाली शिरत होत्या. आतून म्हणाल्या, "खरंय. लिव. पन आधी तो पाना दे."

मी संगमनेरला जाऊन बेअरिंग आणलं. तोवर वाडीतल्या माणसांनी गिअरबॉक्स खाली घेतला होता, जॅक नव्हता म्हणून दोरखंड आणि दोन वासे लावून. जुनं बेअरिंग मॅडमनी सगळ्यांच्या हातात देऊन फिरवायला लावलं. वाळू दळल्यासारखं लागत होतं. आजीनंही फिरवलं आणि "अगं बया" म्हणून परत दिलं. क्लच प्लेट अजून चांगली होती. दिवस मावळायच्या आत सगळं वर चढलं, मॅडमनी वाडीच्या चढावर जीप दोनदा वरखाली केली, आणि जीप गप्पच राहिली.

निघताना त्यांनी सोमाला अट घातली. पुढं एकच माणूस, आणि डावा पाय जमिनीवर.

"मंग दोगं रोज खाली ऱ्हात्याल," सोमा म्हणाला.

"दोन खेपा करा. पेपर हाय तवर आधी पोरी, मंग बाकीचे. तवर हा पत्रक बस आनतो का बघू."

बस तेव्हा आली नाही, पुढं पावसाळ्यानंतर आली, आणि तिच्यासाठी आम्ही काय काय केलं तो वेगळा विषय आहे. त्या अर्जात सुटायची वेळ पहिल्या ओळीत होती एवढं सांगतो.

मंगळवारी मी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी लवकर जाऊन उभा राहिलो. मॅडम माझ्याआधीच तिथं होत्या. वर्ग होता त्यांचा त्या वेळेला. मी विचारलं तर म्हणाल्या, "भाजी घ्यायला आले." हातात पिशवी नव्हती.

फाटकात पोरांची गर्दी, आईबापांची घालमेल, कुणी देवाचा अंगारा लावतंय, कुणी पेन विसरलंय. जीप काही येईना. मी घड्याळ बघत होतो. मॅडम गर्दीकडं पाठ करून, घाटाच्या रस्त्याकडं कान देऊन, डोळे मिटून उभ्या होत्या.

"येतीय का ऐकू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"नाही, मॅडम."

त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ओठ हलत होते. जरा जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. त्या बोल्ट मोजत होत्या. कुठला कुणी आवळला, कुठला त्यांनी स्वतः तपासला. "खालचा डावा," त्या पुटपुटल्या, "खालचा डावा म्या बघितला व्हता ना रे?" मला काय माहीत! मी म्हणालो, बघितला होता. त्यांना ते खोटं आहे हे कळलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"म्याडम," मागून कुणीतरी म्हणालं, "डोळं झाकून काय उभ्या? पेपर आमचा हाय."

मंगल होती. तिच्या मागं बाकीच्या सहा. आणि त्यांच्या मागं, रस्त्याच्या कडेला, आमच्या पाठीशी चार हातांवर जीप उभी होती. कधीची आली होती कोण जाणे. आम्ही दोघंही ज्या आवाजाची वाट बघत होतो तो आवाज आम्हीच परवा काढून टाकला होता.

मॅडमनी माझं मनगट सोडलं. मंगलच्या डोक्यावर एक टपली मारली, "पळ!" एवढंच म्हणाल्या. सातही जणी फाटकातून आत पळाल्या. सोमानं स्टिअरिंगवरूनच हात वर केला आणि राहिलेल्या माणसांना आणायला गाडी वळवली.

पुढच्या जूनमध्ये मॅडमना घराजवळच्या एका आयटीआयमध्ये जागा मिळाली आणि त्या सोनईला गेल्या. मी दौऱ्यावर होतो, भेट झाली नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या पेपरच्या त्याच सकाळच्या. रस्त्याच्या कडेला एक बाई ओल्या हरभऱ्याचे डहाळे विकत होती. मॅडमनी त्यातली सगळ्यात मोठी जुडी उचलली, बगलेत मारली आणि वर्गाकडं निघाल्या. उशीर झाला होता, पण घाई नव्हती. भर रस्त्यातून, डहाळ्यावरचा एकेक घाटा सोलून दाणे तोंडात टाकत, टरफलं डावीउजवीकडं उडवत, शाळा सुटलेल्या पोरीसारख्या त्या चालल्या होत्या. मागून एका ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. त्या बाजूला झाल्या नाहीत. ट्रॅक्टरच त्यांना वळसा घालून गेला.